मैदान बंद, काम चालू आहे

कबड्डीतलं मला काही कळत नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. बॅडमिंटनमधलं कळत नाही आणि बास्केटबॉलमधलं तर त्याहून नाही. शाळेत खेळाच्या तासाला माझं डोकं दुखायचं आणि तास संपला की आपोआप थांबायचं. पण टेबलाभोवतीच्या मंडळींनी "मॅडम विनोदी आहेत हं" म्हणत चहा मागवला, आणि आमच्या ऑफिसला एका विद्यापीठाच्या क्रीडागृहाचं काम मिळालं. क्रीडागृह हा माझा शब्द. ते सगळे अरीना म्हणायचे. अरीना आणि विद्यार्थी-खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र.

त्याआधीची सगळी हयात मी मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या जुन्या सोसायट्या पाडून त्यांचे टॉवर करण्यात घालवली. रिडेव्हलपमेंटला लोक नावं ठेवतात, मीही ठेवते, पण त्या कामात एक बरं असतं. प्रत्येकाला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं. तळमजल्याच्या काकूंना ओट्यासमोर खिडकी हवी असते, तिसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंना दोन गाड्यांची जागा हवी असते, आणि सगळ्यांना मिळून शेजाऱ्यापेक्षा थोडं जास्त हवं असतं. भांडणं होतात, शिव्याशाप होतात, गोंधळ मात्र होत नाही. इथे सगळंच उलटं होतं. कुणी भांडत नव्हतं, सगळे साखरेसारखं गोड बोलत होते, आणि नक्की काय बांधायचंय ते एकालाही सांगता येत नव्हतं.

प्रकल्पाचे प्रमुख होते उपकुलसचिव देवस्थळी साहेब. माणूस सज्जन, टापटिपीचा, फायलीला नाडी बांधतानासुद्धा दोन्ही टोकं सारखी आली का बघणारा. मी विचारलं, "साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे?" त्यांनी मोबाइल काढून परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या अरीनाचा फोटो दाखवला. आत जांभळा उजेड आणि चहूबाजूंनी माणसंच माणसं.

"असं काहीतरी," ते म्हणाले.

"यात खेळ कुठला चाललाय?"

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा वर ढकलला, बराच वेळ पाहिलं. "खेळ नसावा. लाइट शो दिसतोय."

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. राहत्या घराची इमारत बाहेरून आत येते. प्लॉट केवढा, रस्ता केवढा, किती बांधायची परवानगी, हे आधी. मग त्यात खोल्या कोंबायच्या. क्रीडागृह आतून बाहेर जातं. आधी खेळ ठरवायचा. त्या खेळाची चौकट, तिच्याभोवती पळता पळता तोल गेला तर थांबायला मोकळी जागा, मग प्रेक्षक, मग ते प्रेक्षक घाबरले तर बाहेर पडायला दरवाजे, आणि सगळ्यात शेवटी बाहेरची भिंत. त्यामुळे खेळ कुठला याचं उत्तर मिळेपर्यंत मला कागदावर एक रेघ मारता येत नव्हती.

आणि उत्तर रोज बदलत होतं. बॅडमिंटनचे सर म्हणाले, आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नको, शटल हलतं. कुस्तीचे सर म्हणाले, वारा नसेल तर पोरं गुदमरतील. संगीत विभागाने निरोप पाठवला की आवाज घुमता कामा नये. प्राचार्यांपैकी कुणीतरी म्हणालं, आवाज घुमला नाही तर मॅचला मजा काय. मग एके दिवशी असं निघालं की दीक्षान्त समारंभही इथेच करायचा, म्हणजे एका बाजूला स्टेज आलं, आणि स्टेज आलं म्हणजे पाहुण्यांची खोली आली, तिला वेगळा जिना आला. आवार अंधेरी पूर्वेला, आरेच्या झाडीला लागून, त्यामुळे एका सदस्यांनी बिबट्या आत येणार नाही याची व्यवस्था मागितली. हे मात्र मी मनापासून लिहून घेतलं. तेवढी एकच मागणी मला समजली होती.

घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसायचे. नवरा विचारायचा, "आज काय ठरलं?" मी सांगायचे, "आज ते मल्टिपर्पज आहे."

शेवटी वैतागून मी एका सकाळी एकटीच जागा बघायला गेले. लांबुडका प्लॉट. पूर्वेला रस्ता, रस्त्याच्या बाजूला पाण्याची जुनी पडकी टाकी आणि गवत, आणि पार मागे, झाडीच्या बाजूला, तांबड्या मातीचं एक मैदान. मुली त्यावर पाणी शिंपत होत्या. मी मोजमाप डोळ्यांनी घेत पुढे गेले तोच कानाजवळ शिट्टी वाजली.

"ओ ताई! लाइनच्या भायेर! औट झालात तुमी!"

या राणेबाई. मुलींच्या कबड्डी संघाच्या प्रशिक्षक. मूळ मालवणकडच्या, जन्म घाटकोपरच्या चाळीत, वडील गिरणीत. एरवी बोलायच्या ते मुंबईचं मराठी, पण रागावल्या किंवा आनंदल्या की मालवणीत शिरायच्या. गुडघ्यांना पट्टे, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरचा माणूस काहीतरी चुकणारच आहे, फक्त कधी तेवढं बघायचंय.

मी ओळख सांगितली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तुम्ही त्या बिल्डिंगवाल्या. बिल्डिंग कुठे येतेय?"

मी आजूबाजूला पाहिलं. नकाशा मनात उभा केला. अरीनाला लागणारी रुंदी प्लॉटच्या मागच्या भागातच मिळत होती. "इथे," मी म्हणाले. "बहुतेक इथेच."

"इथे म्हणजे ह्या मैदानावर?"

"हो."

पाणी शिंपणाऱ्या मुली थांबल्या. राणेबाईंचा आवाज खाली आला. "मग माझी पोरां खंय जातली?"

हा प्रश्न आजवर एकाही बैठकीत निघाला नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात आला नव्हता. सोसायटी पाडताना राहणाऱ्यांना तात्पुरती भाड्याची घरं देतात, त्याचा करार होतो, त्यावर सह्या होतात. मैदानावरच्या मुलींचा करार कुणी केला नव्हता.

त्या दिवशी मी तिथे बराच वेळ थांबले. मनाली नावाची एक मुलगी होती, तिसऱ्या वर्षाला, दहिसरहून यायची. अंगाने किरकोळ, पण चढाईला गेली की समोरच्या सातजणी एकदम मागे सरकायच्या. तिनेच मला सगळं सांगितलं. विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत चांगली कामगिरी झाली की क्रीडा कोट्यातून पोलिसात अर्ज करता येतो. तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष होतं. आई पोळीभाजीचे डबे करायची, वडिलांची नोकरी गेली होती. "यंदा गेलं ना मॅडम, तर गेलंच," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी मी स्टुडंटच नाय."

आणि मग माझ्या लक्षात आलं की या कामात काहीतरी मुळातच विचित्र आहे. अशी इमारत उभी राहायला तीन वर्षं सहज लागतात. मुलगी कॉलेजात असते तीनच वर्षं. म्हणजे ज्यांचं नाव सांगून आपण बांधतो, त्यांच्यापैकी एकही जण त्या इमारतीत खेळणार नसतो. त्यांच्या वाट्याला फक्त पत्र्याचं कुंपण येतं. मी कुणासाठी डिझाइन करत होते? मी हा प्रश्न ऑफिसात विचारला, तर सगळे माझ्याकडे, मला आता विश्रांतीची गरज आहे अशा नजरेने बघायला लागले.

निदान मुलींना काय हवंय ते विचारावं म्हणून मी पुन्हा गेले. प्रशिक्षण केंद्रात काय काय असावं? देवस्थळी साहेबांच्या यादीत बर्फाच्या पाण्याचा हौद होता, स्नायूंना मालीश करणारी खुर्ची होती. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, ढोसाढोशी झाली, आणि एकजण म्हणाली, "दोऱ्या."

"कसल्या दोऱ्या?"

"कपडे वाळत घालायला. सकाळी प्रॅक्टिस झाली की घामाचे कपडे पिशवीत कोंबून लेक्चरला बसतो ना. वर्गात कोण बाजूला बसत नाय."

आता हसू नका, पण मी सोसायट्यांच्या सभांमध्ये आयुष्यातली कितीतरी वर्षं वाळत घातलेल्या कपड्यांवर भांडण्यात घालवली आहेत. दर्शनी बाजूला दोऱ्या नकोत यासाठी मी ठराव लिहिलेत. तीच मी आता पूर्वेच्या, उन्हाच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी कपडे वाळवायची गच्ची काढून देवस्थळी साहेबांपुढे ठेवली.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "विद्यापीठाच्या तोंडावर चड्ड्या?"

"साहेब, ऊन तोंडावरच आहे."

पुढे बरीच घासाघीस होऊन गच्चीला जाळीची भिंत आली आणि दोऱ्या टिकल्या.

राहिला मैदानाचा प्रश्न. मी समितीपुढे साधा प्रस्ताव मांडला. आधी रस्त्याच्या बाजूचं प्रशिक्षण केंद्र बांधू या. हिवाळ्यातली स्पर्धा होऊन जाऊ दे, तोवर मागचं मैदान मुलींना राहू दे. मग अरीनाला हात घालू. कामाची एकूण मुदत फारशी बदलत नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. "उत्तम विचार," असं दोघं-तिघं म्हणाले. इतिवृत्तात मात्र आलं की अरीनाचे काम प्राधान्याने हाती घ्यावे. मी चक्रावून देवस्थळी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "उत्तम आहे असं म्हणाले, मान्य आहे असं कुठे म्हणाले?"

राणेबाईंना हे सांगायला मीच गेले. त्यांनी गुडघ्याचा पट्टा आवळला. मग म्हणाल्या, "ताई, माझं काय, मी रिटायर होईन. पण टीम एकदा फुटली ना, की परत बांधता येत नाय. ते सिमेंट नाय." मनाली मागे उभी होती. तिने काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निवडणुकांची आचारसंहिता लागायच्या आत भूमिपूजन उरकायचं ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. भूमिपूजन ईशान्य कोपऱ्यात करतात, हे मुंबईतल्या प्रत्येक बिल्डरला तोंडपाठ असतं, आणि कंत्राटदारांची त्यावर आणखी एक समजूत असते की कुदळ पडली तिथूनच खोदाई सुरू करायची, म्हणजे काम अडत नाही. माझा या प्रकारांवर काडीचा विश्वास नाही. मुलुंडला एका सोसायटीत वास्तुतज्ज्ञाच्या नादाने चौदा संडासांची दिशा बदलावी लागली होती, तेव्हापासून ईशान्य हा शब्द ऐकला तरी माझं पित्त खवळतं.

श्रावणातली सकाळ. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. मी पोचले तर मांडव उभा, लाल गालिचा अंथरलेला, खुर्च्यांना पांढरी कापडं घातलेली, आणि हे सगळं राणेबाईंच्या मैदानावर. मधल्या रेषेच्या जरा पलीकडे चौकोनी खड्ड्यासाठी चुन्याची आखणी केलेली होती. कंत्राटदाराचं यंत्र कडेला तयारच होतं. समारंभ आटपला की कुंपणाचे पत्रे ठोकायचे, असा हुकूम होता.

मुली तिथेच होत्या. पाहुण्यांवर फुलं उधळायला त्यांनाच उभं केलं होतं. गणवेशात, हातात पाकळ्यांची तबकं घेऊन, आपल्याच मैदानाच्या कडेला.

मी मांडवात उभी राहून आजूबाजूला पाहत होते आणि मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. हे ईशान्य? माझ्या माहितीप्रमाणे तर ईशान्येला पडकी टाकी होती. की माझंच चुकतंय? माझ्या दिशा नेहमीच कच्च्या, कागद हातात असेल तरच पक्क्या. मी पिशवीतून नकाशा काढला आणि डोक्यात प्रकाश पडला. प्लॉट लांबुडका, म्हणून कागदावर नीट बसावा यासाठी आम्ही तो फिरवून काढला होता. रस्ता, म्हणजे पूर्व, कागदाच्या खालच्या बाजूला होती. त्यामुळे उत्तर उजवीकडे. कोपऱ्यात तसा बाणही ठसठशीत काढलेला होता. पण शाळेत भूगोलाच्या नकाशात वर उत्तर असते, आणि ते एकदा डोक्यात बसलं की बाणाकडे कोण बघतो? कागदाचा वरचा उजवा कोपरा म्हणजे ईशान्य असं धरून सगळ्यांनी मिळून मांडव वायव्येला घातला होता.

मी काय करावं? मी, जिने आयुष्यभर ईशान्येला हसण्यात धन्यता मानली? दिशा चुकली म्हणून ओरडणारी बाई व्हायचं? आणि ओरडून उपयोग तरी होईल का, पाहुणे कुठल्याही क्षणी येणार होते. समोर मनाली तबक धरून उभी होती आणि तिची नजर त्या चुन्याच्या चौकोनावर होती. मी पूजेची मांडणी करणाऱ्या गुरुजींजवळ गेले, आणि शक्य तितक्या भोळ्या आवाजात विचारलं, "गुरुजी, पूर्व कुठली हो?"

गुरुजी बोट दाखवायला गेले आणि बोट हवेतच राहिलं. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आरेच्या झाडीकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला.

पुढचा अर्धा तास काय झालं ते आजही मला क्रमाने सांगता येत नाही. गुरुजींच्या मोबाइलने उत्तर एकीकडे दाखवली. देवस्थळी साहेबांच्या मोबाइलने दुसरीकडे. मांडवाचे खांब लोखंडी, त्यामुळे होकायंत्रं बावचळली होती, पण तेव्हा ते सुचणार कोणाला? कंत्राटदाराने आपला मोबाइल काढून आठाच्या आकड्यासारखा हवेत फिरवला. चौथ्या एकाने फिरवला. मोठमोठी जबाबदार माणसं फोन ओवाळत गोल गोल फिरायला लागली आणि प्रत्येकाची उत्तर वेगळी. "कागदावर ही ईशान्यच आहे!" साहेब नकाशा फडकवत म्हणाले. नकाशा त्यांनी उलटा धरला होता. मी बाण दाखवला, तर ते बाणाच्या दिशेने स्वतःच वळले आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."

"मॅडम, मी एक बोलू?" मनाली पुढे आली. तबक तिने खाली ठेवलं होतं. "ते विमान बघा ना."

दूर, ढगांच्या खालून एक विमान हळूहळू उतरत होतं.

"विमानं घाटकोपरच्या साइडने येतात ना? मग ती साइड ईस्ट झाली."

सगळेजण त्या विमानाकडे बघत राहिले. उपनगरातल्या माणसाला दुसरं काही कळो न कळो, विमान कुठून येतं ते कळतं. पाठोपाठ दुसरं आलं, त्याच वाटेने. गुरुजींनी त्याच्याकडे पाठ करून, हात लांबवून नीट हिशेब केला, आणि मग खड्ड्याच्या आखणीकडे पाहत मान हलवली.

"हा वायव्य कोपरा आहे, यजमान. वायव्येचा स्वामी वायू. इथे कुदळ मारलीत तर वास्तू उभी राहील, पण त्यात माणूस टिकणार नाही."

"आता ऐन वेळी?" देवस्थळी साहेबांना घाम फुटला होता. "पाहुणे निघालेत, गुरुजी!"

"निघालेत ना? मग पोचायला वेळ आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनाही मुंबईचा अनुभव होता.

मांडव हलवला तो मुलींनी. राणेबाईंनी शिट्टी वाजवली आणि तो सगळा संघ खुर्च्यांवर तुटून पडला. गालिचा गुंडाळला, समई उचलली, कळस एकीने छातीशी धरला, खांब चौघी-चौघींनी खांद्यावर घेतले. ईशान्येच्या पडक्या टाकीजवळ गुडघाभर गवत होतं, ते पायांनीच आडवं केलं. पाहुणे आले तेव्हा आम्ही सगळेच चिखलाने माखलेलो होतो. त्यांना काही कळलं नाही. कुदळ पडली, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. आणि कुदळ तिथे पडली म्हणून कंत्राटदाराने यंत्रही तिथेच नेलं. प्रशिक्षण केंद्राची खोदाई आधी सुरू झाली.

"मॅडम, तुम्हाला हे माहीत होतं?" देवस्थळी साहेबांनी नंतर मला एकटीला गाठून विचारलं.

"मला बाण माहीत होता, साहेब."

त्यांनी नकाशाची घडी घातली, दोन्ही टोकं सारखी आली का पाहिलं. मग पहिल्यांदाच हसले. "माझी पुतणी खेळायची हो कबड्डी," एवढंच म्हणाले आणि गेले. हा माणूस नक्की कुठल्या बाजूचा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

राणेबाईंनी तर मला मिठीच मारली. "देव पावलो, ताई!" मी म्हटलं, मी देव मानत नाही. त्या म्हणाल्या, "तुमी नका मानू. तो तुमका मानता."

हिवाळ्यात मुली तिसऱ्या आल्या. मनालीने पेढे आणून दिले आणि वाकून नमस्कार करायला लागली, मी तिला मधेच धरलं. पुढे ती पोलिसात लागल्याचं कळलं. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, जणू चढाई मीच केली होती. मग मागच्या मैदानाभोवती पत्रे लागले. त्यावर पाटी आली, मैदान बंद, काम चालू आहे. मुलींच्या सरावासाठी मी नकाशात एक तात्पुरती शेड दाखवली होती. ती बांधलीही गेली, पण तिच्यात लाद्या आणि सिमेंट जाऊन बसलं. मी पत्रं लिहिली, उत्तर आलं की लवकरच रिकामी करतो. लवकरच म्हणता म्हणता अरीना पूर्ण झाला.

उद्घाटनाला मला आमंत्रण आलं, शेवटून दुसऱ्या रांगेत. मी ऑफिस सोडूनही तोवर काही महिने झाले होते. आत गेल्यावर मात्र मी भारावले, खोटं कशाला बोलू? छप्पर उंच, उजेड मऊ, आवाज घुमतही होता आणि घुमत नव्हताही. भाषणांनंतर मॅटवर कबड्डीचा सामना ठेवला होता, आपल्या मुली आणि पाहुण्या विद्यापीठाच्या मुली.

आपल्या मुली हरल्या. नुसत्या हरल्या नाहीत, त्यांची दैना झाली. मला खेळातलं कळत नाही, पण एवढं दिसत होतं की त्या समोरचीचा पाय धरायच्या आणि तो हातातून निसटून जायचा. परत धरायच्या, परत निसटायचा. आजूबाजूची माणसं हसली. मी राणेबाईंजवळ जाऊन बसले.

"बाई, सीनियर मुलींना का नाही उतरवलं?"

"कोण सीनियर?"

"म्हणजे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या."

राणेबाईंनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "ताई, पोरगी ॲडमिशन घेताना विचारते, मैदान आहे काय? नाय म्हटलं की दुसरीकडे जाते, नायतर खेळच सोडते. त्या आल्याच नाय. मी कुणाकुणाला घालवलं ते माझं मलापण माहीत नाय. नावंच नाय त्यांची." त्यांनी मॅटकडे पाहिलं. "आणि पकड तोंडाने सांगून येत नाय ओ. सीनियर पोरगी आपला पाय देते, तिचा पाय धरून धरून ती हाताला कळते. ह्यांना पाय कोण देणार? माझे तर गुडघे गेले."

एवढी वर्षं मी तो भूमिपूजनाचा किस्सा रंगवून रंगवून सांगितला होता. एक वर्ष आपण वाचवलं, असं मला मनापासून वाटायचं. त्यापुढच्या मुलींचा हिशेबच माझ्या मनात नव्हता. मनालीला मी ओळखत होते, म्हणून तिच्यासाठी धावले. ज्या आल्याच नाहीत त्यांच्यासाठी कुठून धावायचं? मला रडू आलं. एवढ्या सुंदर इमारतीत, जिचा प्रत्येक खांब मी काढला होता, मला नाकाला पदर लावून बसावं लागलं.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. गर्दी पांगली. दरवाजाजवळ बंदोबस्ताला उभी असलेली एक पोलीस मुलगी टोपी काढत पायऱ्या उतरून आली आणि मी पाहते तर मनाली. सामनाभर ती प्रेक्षकांकडे तोंड करून, मॅटला पाठ करून उभी होती. नियमच तसा असतो.

"बाई," राणेबाईंच्या पाया पडत ती म्हणाली, "एकपण पकड लागली नाय ना? मला आवाजावरून कळत होतं."

"मग उतर की गो," राणेबाई म्हणाल्या.

"युनिफॉर्मवर?"

"ड्युटी संपली मां?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून बूट सोडले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मॅटवर गेली. पहिल्या वर्षाच्या मुली रडवेल्या तोंडाने सामान भरत होत्या. तिने त्यांतल्या एकीला हाताला धरून ओढलं आणि आपला पाय तिच्यापुढे केला.

एवढ्यात छतावरचे दिवे एका बाजूने बंद व्हायला लागले. सभागृहाचा कर्मचारी किल्ल्यांचा जुडगा वाजवत खाली आला. "चला, चला. प्रोग्राम संपला. हॉल लॉक करायचाय."

"जरा वेळ थांबा," मी म्हणाले. "दिवे राहू द्या."

"तुम्ही कोण?"

साधा प्रश्न. बाहेरच्या संगमरवरी पाटीवर बरीच नावं होती, माझं नव्हतं. ही इमारत मी काढली, असं सांगता आलं असतं, आणि त्याने कदाचित विश्वासही ठेवला असता. पण त्या क्षणी ते सांगावंसं मला वाटेना.

"मी ह्या मुलींबरोबर आहे," मी म्हणाले.

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मॅटकडे पाहिलं, आणि पायरीवर बसला. गेलेले दिवे मात्र त्याने पुन्हा लावले नाहीत. अर्ध्या उजेडात ती पहिल्या वर्षाची मुलगी मनालीचा घोटा दोन्ही हातांनी धरून पालथी पडली होती, आणि मनाली दुसऱ्या पायावर उड्या मारत तिला मॅटभर ओढत नेत होती.

"सोडू नको!" ती ओरडत होती. "मी कितीपण ओढलं तरी सोडू नको!"